डोस मोजणारे तुकडे

मॅडम पहिल्यांदा गाळ्यावर आल्या तेव्हा मी एका दवाखान्याच्या बोर्डाची अक्षरं पॉलिश करत बसले होते. मीरा रोडला हाटकेशच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. पुढे लेझर मशीन, मागे शीटचा रॅक आणि वर पोटमाळ्यावर तयार माल. दुकानांचे बोर्ड, घराच्या नेमप्लेट, शाळांच्या ट्रॉफ्या, केकवर खोचायची नावं, असं अ‍ॅक्रिलिकचं जे काही म्हणाल ते आम्ही करतो. बाबा महाडकडून आले ते ब्रशने बोर्ड रंगवायला. पुढे रंगाचे बोर्ड गेले, अक्षरं कापून लावायचे दिवस आले, तेव्हा त्यांनी ब्रश ठेवला आणि आरी घेतली. आता मशीन दादा चालवतो, फिनिशिंग माझ्याकडे असतं आणि बाबा दाराशी खुर्ची टाकून बसतात. हात थरथरतो म्हणून ते कापत नाहीत, पण कापलेला माल त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही.

मॅडम माझ्याच वयाच्या, चाळिशीच्या जरा अलीकडच्या. राहायला मीरा रोडलाच होत्या. त्यांना साफ शीटचे छोटे तुकडे हवे होते. एक सेंटिमीटर रुंद, तीन लांब, जाडी तीन मिलिमीटर, आणि सगळे एकाच शीटमधले. दादा म्हणाला, दहा मिनिटांचं काम आहे, बसा. त्यांनी विचारलं, तुमच्याकडची सगळ्यात चांगली शीट कोणती? उत्तनच्या कोळ्यांच्या बोटींसाठी आम्ही आणतो ती शीट मी काढून दाखवली. बोटीच्या केबिनला खिडक्या बसवायला आम्ही ती वापरतो. उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं राहिली तरी ती पिवळी पडत नाही. मॅडमनी ती उजेडात धरून पाहिली आणि मान हलवली.

कापता कापता दादाने विचारलं, कशाला लागतात? त्या म्हणाल्या, रेडिएशन मोजायला.

दादाने मशीन थांबवलं. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी नीट समजावून सांगितलं. खाडीपलीकडे एक प्लांट आहे, तिथे त्या डोस मोजायच्या लॅबमध्ये काम करतात. सलाइनच्या नळ्या, बँडेज, टाके घालायचा दोरा असला दवाखान्यांचा माल खोक्यात बंद होऊन तिथे येतो आणि खोकी न उघडता त्यावर गॅमा किरण सोडतात. आतले जंतू मरतात. पण खोक्याला किरण पुरेसे लागले की नाही हे वरून पाहून कळत नाही. म्हणून खोक्यात साफ प्लास्टिकचा तुकडा ठेवतात. किरण लागले की ते प्लास्टिक आतून किंचित बदलतं. डोळ्याला दिसत नाही, पण मशीनमध्ये तुकड्यातून विशिष्ट उजेड सोडला की तो किती अडतो ते कळतं. जितका जास्त अडला तितका डोस जास्त. असे तयार तुकडे बाहेरच्या देशातून येतात, यायला महिने लागतात, म्हणून जपून वापरावे लागतात. मॅडमना मात्र एका वेळी शंभरेक तुकडे कोपऱ्याकोपऱ्यात ठेवून बघायचं होतं की किरण कुठे कमी पडतात. त्यासाठी इथलीच शीट चालते का, हे त्या तपासत होत्या.

दादाने विचारलं, मग तो किरण लागलेला तुकडा हातात घेतला तर? मॅडम म्हणाल्या, "टॉर्च बंद केल्यावर भिंतीत उजेड उरतो का? तसंच. तुकड्यात काही राहत नाही."

दहा मिनिटांत नाही, पण अर्ध्या तासात तुकडे झाले. आठ दिवसांनी मॅडम तेच पाकीट घेऊन परत आल्या.

आमचा माल कधी परत येत नाही. अक्षर वाकडं बसलं तर बाबा ते बाहेर जाऊच देत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाइकाने माल आणून टेबलावर ठेवलाय हे दृश्य मी पाहिलं नव्हतं. मॅडम रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, तुकडे सुरेख आहेत, पण मला ज्या उजेडात मोजायचंय तो ह्यातून जातच नाही. किरण लागायच्या आधीच सगळा अडतो. मी विचारलं, कुठला उजेड? म्हणाल्या, जांभळ्याच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा. अल्ट्राव्हायोलेट.

ते मला माहीत असायला हवं होतं. ट्रॉफीचे भाग जोडायला आम्ही एक गोंद वापरतो. तो हवेने सुकत नाही, त्यावर यूव्ही, म्हणजे ह्याच उजेडाचा दिवा धरला की घट्ट होतो. आणि बोटीच्या शीटखाली तो गोंद कधी घट्ट होत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघत आले होते. ऊन अडवायचं औषध त्या शीटमध्ये घातलेलं असतं, म्हणून तर ती पिवळी पडत नाही. जी शीट उन्हासाठी सगळ्यात चांगली, तीच ह्या कामाला सगळ्यात वाईट.

मॅडम दुसरीकडे बघते म्हणाल्या. मी म्हटलं, आठ दिवस द्या.

दुसऱ्या दिवशी दिवा आणि गोंदाची बाटली पिशवीत टाकून मी शीटच्या डीलरकडे गेले. काचेवर गोंदाचा थेंब, वर त्याच्या शीटचा नमुना, आणि वरून दिवा धरून तीसपर्यंत मोजायचं. एक घट्ट झाला नाही, दुसरा नाही, तिसरा अर्धवट झाला. डीलर आधी बघत होता, मग म्हणाला, "बहनजी, शीट लेने आई हो या इलाज करने?" मी म्हटलं, जो समझो, और दिखाओ. तिथे जमलं नाही. तिसऱ्या डीलरकडे मागे पडलेल्या एका शीटखाली गोंद दगडासारखा झाला. तो म्हणाला, ये पुरानी है, धूप में पीली पडेगी, मत लो. मी म्हटलं, हीच द्या.

ह्या शीटचे तुकडे मॅडमच्या मशीनमधून पास झाले. पण पाकिटात घालायच्या आधी त्यांनी ते स्पिरिटने पुसले आणि काही मिनिटांत कडांपासून आत केसासारख्या बारीक चिरा गेल्या. फोटो त्यांनी मला पाठवला. दादाला दाखवल्यावर तो म्हणाला, लेझरने कापलं की कडेला ताण राहतो, त्यावर स्पिरिट लागलं की फाटणारच, त्यांना सांग पुसू नका. मी म्हटलं, बोटाचं तेल राहिलं तर उजेड त्यातच अडेल, पुसावंच लागेल. मग लेझरने कापायचं नाही, एवढंच उरलं.

दादा वैतागला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मशीनवर बोर्डाची कामं थांबलेली, आणि बहीण नखाएवढ्या तुकड्यांच्या मागे. त्याने सरळ विचारलं, हे कशासाठी चाललंय?  मी एवढंच म्हटलं की आपल्याकडून गेलेली वस्तू आपल्याला जमत नाही म्हणून परत आली, हे मला चालणार नाही.

बाबांनी ते ऐकलं. ते उठले, रॅकच्या मागून जुनी ब्लेडची कटर ओढून काढली आणि फडक्याने पुसायला लागले. स्वतः कापू शकत नव्हते, म्हणून शेजारी स्टुलावर बसले आणि मला सांगत राहिले. शीट ढकलू नकोस, तिला येऊ दे. आवाज बदलला की थांब, आवाज बदलला म्हणजे ती तापली. पहिल्या दिवशी मी वीसेक तुकडे खराब केले. चौथ्या दिवशी आवाज मला बाबांच्या आधी कळायला लागला.

त्यानंतर जाडी. तीन मिलिमीटरची शीट सगळीकडे तीन मिलिमीटर नसते, हे धंद्यात सगळ्यांना माहीत आहे आणि बोर्डाला त्याने काही फरक पडत नाही. पण इथे जाडी वेगळी म्हणजे उजेड वेगळा अडणार. मॅडम म्हणाल्या, प्रत्येक तुकड्याची जाडी मोजावी लागेल. मी मायक्रोमीटर घेतला. घरचं आवरून खारी गावाहून रिक्षाने सकाळी लवकर गाळ्यावर यायचं, इस्टेटमधली मशीनं सुरू व्हायच्या आत मोजायला बसायचं. टेबल हलत नाही तोवरची ती वेळ चांगली. प्रत्येक तुकडा तीन जागी मोजायचा, वहीत लिहायचा, ट्रेच्या खाचेत उभा करायचा. ट्रेवर आकडे, वहीत तेच आकडे. तुकड्यावर काही लिहायचं नाही, उजेड जायच्या वाटेत काही नको.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट समोर आली. ह्याच तुकड्यांचे आकडे सरकायला लागले. मॅडमनी सांगितलं, प्लास्टिक हवेतली ओल पिते आणि तिचा किरणांच्या परिणामावर फरक पडतो. आमच्याकडे तर मिठागरांवरून येणारी हवा, पावसाळ्यात मीठसुद्धा बरणीत वितळतं. मी तांदळाचा मोठा स्टीलचा डबा आणला, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि तुकडे आठवडा आठवडा त्यात ठेवायला लागले. शेजारच्या गाळ्यात मसाले पॅक होतात. तिथल्या गुजराती भाभींना विचारून त्यांच्या मशीनवर एकेक तुकडा फॉइलच्या पाकिटात सील करून आणला. भाभींनी एवढंच बजावलं की हात धुऊन ये, नाहीतर तुझ्या प्लास्टिकला हिंगाचा वास लागेल. तेव्हापासून मी हातमोजे घालते.

दिवाळीच्या आसपास खरी परीक्षा ठरली. साठ तुकडे तयार होते. मॅडम ते बाहेरच्या देशातून आलेल्या प्रमाणित तुकड्यांसोबत एकत्र ठेवून, कमी, मध्यम, जास्त असे ठरलेले डोस देणार होत्या. बाहेर काढल्यावर परिणाम हळूहळू उतरतो, म्हणून ठरलेल्या वेळेतच सगळं वाचावं लागतं. पुन्हा जाडी मोजायला त्यांना सवड मिळणार नव्हती. माझ्या वहीतले आकडेच त्या धरणार होत्या.

सील करायच्या दिवशी दुपारी मी ट्रे घेऊन पोटमाळ्यावरून उतरत होते. शेवटच्या पायरीवर पाय घसरला. पडले नाही, पण ट्रे कलंडला आणि दोन तुकडे फरशीवर आले. दोन्ही एकसारखे. दोन खाचा रिकाम्या. मी ते पुसले, उजेडात पाहिले, चरा नव्हता. दादा फोनवर होता, बाबा जेवायला घरी गेले होते. कुठला कुठल्या खाचेतला, हे मला कळत नव्हतं. पुन्हा मोजले असते तर कळलं असतं, पण भाभींच्या मशीनची वेळ झाली होती आणि मी स्वतःला सांगितलं की हा डावीकडचा असणार. ठेवले आणि निघाले.

दोन आठवड्यांनी मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या. त्या दिवशी त्या खुशीत होत्या. पडद्यावर एक वाकत वर जाणारी रेषा होती आणि तिच्यावर आमचे ठिपके. एकामागून एक, जवळजवळ रेषेवरच. बाबा खुर्चीवरून उठून बघायला आले. मॅडम म्हणाल्या, काका, हे तुमचे तुकडे. मग त्यांनी मधल्या डोसवरचे दोन ठिपके दाखवले. एक रेषेच्या वर, एक खाली. म्हणाल्या, एवढे दोनच बिघडलेत. शीटच्या त्या भागात काहीतरी गडबड असणार, तो भाग मी वगळते आणि का झालं ते शोधते.

मी ते ठिपके पाहिले. एक जेवढा वर, तेवढाच दुसरा खाली. खाली आकडे होते, त्याच दोन खाचांचे. शीटमध्ये काही गडबड नव्हती. जाड तुकड्याला पातळाची जाडी लागली होती आणि पातळाला जाडाची.

मी चहा टाकायला वळले. मॅडमनी चहा घेतला, बाबांशी बोलल्या, लॅपटॉप बॅगेत घातला, निघाल्या. बाबा मला म्हणाले, जमलं तुला. ते ऐकून मला आणखी वाईट वाटलं. साठातले अठ्ठावन्न बरोबर होते. दोन वगळले जाणार होते, कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण मॅडम शीटमध्ये नसलेला दोष शोधत बसणार होत्या. आणि मी जे वहीत लिहिलं त्यावर त्यांनी डोळे मिटून भरवसा ठेवला होता.

मी धावत बाहेर गेले. त्या रिक्षात बसत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, शीटमध्ये दोष नाही. ते दोन तुकडे माझ्या हातून पडले होते. मी अंदाजाने परत ठेवले, उलटे ठेवले असणार. तेव्हाच सांगायला हवं होतं."

त्यांनी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं.  मग विचारलं, "बाकीचे नक्की त्यांच्याच जागी होते?"

"होते. बाकीचे हलले नाहीत."

"तुम्हाला खात्री आहे. मला आता नाहीये." त्यांचा आवाज चढला नव्हता. "सगळं परत करावं लागेल, ताई. साठच्या साठ."

मी म्हटलं, करते.

रिक्षा गेल्यावर मी तिथेच उभी राहिले. अपमान वाटला असं नाही म्हणणार. त्यांनी माझ्या कामाला लावला तो नियम बाबांचाच होता, फक्त मला तो पहिल्यांदा लागत होता. आत येऊन मी दादाला आणि बाबांना सगळं सांगितलं. दादा म्हणाला, दोन ठिपक्यांसाठी साठ? बाबा म्हणाले, "एक अक्षर चुकलं तर बोर्ड नवा करतो की नाही?" आणि पेपर उघडला.

दुसरी शीट त्याच डीलरकडून, त्याच लॉटची मिळाली. ह्या वेळी मी आधी हाताने कोरायच्या सुईने प्रत्येक तुकड्याच्या अगदी वरच्या टोकाला आकडा कोरला, उजेड जातो त्याच्या बराच वर. तुकडा पडो, उडो, शेजाऱ्याच्या गाळ्यात जावो, त्याचा आकडा त्याच्यासोबत राहणार. मॅडमना विचारलं, चालेल का? त्यांनी चार तुकडे नेऊन कोरलेले आणि न कोरलेले वाचून पाहिले आणि म्हणाल्या, हे मलाच सुचायला हवं होतं. मोजलेला प्रत्येक तुकडा मी दुसऱ्या दिवशी वही बंद ठेवून पुन्हा मोजला. जिथे फरक आला तो बाजूला. सकाळच्या वेळात हे काम संपायला महिना लागला. शाळांच्या ट्रॉफ्यांची कामं होती, ती दुपारी केली. दादाने एकदाही काही म्हटलं नाही. एक दिवस मी आले तर त्याने माझ्या टेबलाच्या पायांखाली रबराचे तुकडे बसवून ठेवले होते, म्हणजे मशीन सुरू झालं तरी टेबल हलू नये.

निकालाच्या वेळी मॅडम गाळ्यावर आल्या नाहीत, त्यांनी मला प्लांटवर बोलावलं. हायवेने तासाभराचा रस्ता. आत जाताना अंगाला किती किरण लागले ते मोजणारा एक छोटा बिल्ला छातीला लावायला दिला. जाड भिंतीच्या खोलीत आम्ही गेलो नाही, ते शक्यही नव्हतं. बाहेरून पट्ट्यावरून खोकी आत जाताना आणि दुसरीकडून बाहेर येताना दिसत होती. तिथे एक माणूस खोक्यातून फॉइलची पाकिटं काढून ट्रेत ठेवत होता. पाकिटांवरचे आकडे माझ्या अक्षरातले होते. मॅडमनी मला हातमोजे दिले, एक पाकीट फोडायला लावलं आणि तुकडा मशीनमध्ये कसा उभा करायचा ते दाखवलं. झाकण लावलं. पडद्यावर आकडा आला. त्यांनी तो वहीत लिहायला मला सांगितलं, मी लिहिला.

साठच्या साठ ठिपके रेषेजवळ होते. मॅडमच्या साहेबांनी कागद उलटसुलट पाहिले आणि सांगितलं की माल पास करायला बाहेरचे प्रमाणित तुकडेच चालतील, नियम नियम आहे. पण खोकी कशी रचायची आणि किरण कुठे कमी पोहोचतात हे शोधायला हे तुकडे वापरा. मॅडमचा चेहरा थोडा पडला, त्यांना जास्त हवं होतं. मला वाटलं, हे योग्यच आहे. आमचा तुकडा अजून एका शीटचा, एका गाळ्याचा आहे. त्याला आधी काही वर्षं खरं राहून दाखवावं लागेल. काही दिवसांनी मॅडमनी फोन करून सांगितलं की पहिल्याच फेरीत, खोकी रचून आत नेतात त्या ट्रॉलीच्या खालच्या एका कोपऱ्यात डोस बाकीच्यापेक्षा कमी निघाला. मर्यादेच्या आतच होता, पण तिथे कधी कोणी मोजलं नव्हतं. आता रचना बदलणार होते.

ह्याला आता दोन वर्षं झाली. आठवड्यातल्या दोन सकाळी तुकड्यांच्या असतात. मागच्या महिन्यात मसाल्यांवर किरण सोडणाऱ्या दुसऱ्या एका प्लांटचा माणूस आला. त्याला दोनशे तुकडे हवे होते, परवापर्यंत. दादा त्याला हो म्हणणार होता, मी मध्ये बोलले. शीट आणायची, तपासायची, कापायची, दोनदा मोजायची, सुकवायची, सील करायची, पाच आठवडे लागतील. तो म्हणाला, लेझरने पटकन नाही होणार? मी म्हटलं, लेझरने होतील, पण ते तुकडे होतील, माप नाही. तुम्हाला तेच हवे असतील तर दुसरीकडे मिळतील.

त्याने घड्याळ बघितलं, दादाकडे बघितलं. मग बाबांच्या शेजारची खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "पाच आठवडे चालतील. पण आधी सांगा, दोनदा का मोजता?"

मी वही काढली आणि त्याला सांगायला लागले.